पुनर्निर्मित सौंदर्य आणि सत्य

नष्ट झालेली वास्तू जशीच्या तशी पुन्हा उभारणे, ही सत्याशी केलेली प्रतारणा आहे काय? पोलंडची राजधानी वॉर्सा पाहताना हा प्रश्न आमच्यापुढे उभा राहिला आणि त्याने आमच्या सहलीच्या आनंदाचाच जाब मागितला.

तेथील जुन्या शहराचा चौक मोठा देखणा आहे. भोवती रंगीत दर्शनी भिंतींची उंच, अरुंद घरे आणि खाली उपाहारगृहांची मेजे. राय या धान्याच्या पिठाचे आंबवण घालून केलेले ‘झुरेक’ नावाचे सूप चाखताना आम्हांस आपल्या आंबिलीचे स्मरण झाले. बटाटा व ताजे चीज भरून पाण्यात उकळलेली ‘पिएरोगी’ तर घडणीने आपल्या करंजीचीच बहीण!

मात्र हे ‘जुने’ शहर वयाने आमच्याहून पंधरावीस वर्षांनीच वडील आहे. 1944 च्या उठावाचा बीमोड केल्यावर नाझी सैन्याने वॉर्साची घरे पद्धतशीरपणे पेटविली व सुरुंगांनी उडविली. ऐतिहासिक भागाचा 85 टक्क्यांहून अधिक अंश नष्ट झाला. पुढे बेर्नार्दो बेलोत्तो या अठराव्या शतकातील इटालियन चित्रकाराची चित्रे आणि युद्धपूर्व आराखडे समोर ठेवून नगर पुन्हा रचले गेले. चौक 1953 साली खुला झाला. राजवाड्याची उभारणी 1971 ते 1984 या काळात झाली.

यावर आक्षेप संभवतात. बेलोत्तोने काही इमारती मुळाहून अधिक शोभिवंत रंगविल्या होत्या. संत योहानाचे कॅथेड्रल युद्धापूर्वी जसे दिसे तसे न बांधता मध्ययुगीन गॉथिक वळणाने बांधले गेले. विटांसाठी व्रोत्सवाफसारख्या नगरांतील भग्नावशेषही उपसण्यात आले. मग याला खरे कसे म्हणावे?

संत ऑगस्टीन यांनी असत्याचे मर्म फसविण्याच्या हेतूत पाहिले. ही कसोटी लावल्यास वॉर्सा निर्दोष ठरते. आपण पुन्हा बांधले गेलो, हे ते नगर लपवीत नाही. युनेस्कोने 1980 साली त्याला जागतिक वारसा मानले, तेही या पुनर्बांधणीसाठीच. येथे प्रतिकृती ही संहाराला दिलेला नकार आहे.

तथापि, या नकारालाही मर्यादा आहे. जवळच्या मुरानूफ भागात चार लाखांहून अधिक यहुदी कोंडले गेले होते. 1942 च्या उन्हाळ्यात त्यांपैकी बहुसंख्यांना त्रेब्लिंका येथे नेऊन ठार मारण्यात आले. युद्धानंतर तेथील ढिगाऱ्यावर नवी वसाहत उभी राहिली. जुने मुरानूफ कोणी पुन्हा रचले नाही. आणि रचले असते, तरी त्या घरांत कोण परतले असते? चित्रे पाहून भिंती उभारता येतात, माणसे नव्हे.

म्हणून चौकातील आनंद पाप नाही, असेच आम्ही म्हणू. ज्यांनी उपाशीपोटी विटा रचल्या, त्यांनी त्या कोणीतरी तेथे सुखाने जेवावे यासाठीच रचल्या. परंतु फसविण्याचा दोष नगरावर येत नसला, तरी विसरण्याचा दोष पाहुण्यावर येऊ शकतो. मुरानूफ चौकापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. जेवण आटोपल्यावर पर्यटकाने तेवढे चालावे.