ढालीची आतली बाजू

१९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला. त्यातले बोटाएवढे योद्धे नि राक्षस पूर्वी धातूचे असत. आता स्वस्त प्लास्टिकचेही मिळतात. शौकीन मंडळी ते साबणाने धुतात, अस्तर देतात, पातळ रंगाचे हात देतात, चिलखताच्या खाचा गडद करतात. कवडीमोलाच्या वस्तूवर एवढे श्रम कशासाठी?

ढालीची आतली बाजू कुणाला दिसत नाही. तरी काहीजण तीही रंगवतात. ‘सर, परीक्षेला येणार का?’ असे विचारून मगच वही उघडणारी मुले मी रोज पाहतो. त्यांना दोष कसा देऊ? दिसेल तेवढ्याचेच मोल, हा व्यवहार ती घरीदारी पाहतात. आपल्या बेळगावात दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचा मावळा मांडणारा मुलगा मात्र गुण मागत नाही. वस्तू स्वस्त असेल. तिच्यात ओतलेला जीव स्वस्त नसतो.