हरणाची शिकार आणि शेतकऱ्याची सदसद्विवेकबुद्धि

जोंधळा हुरड्यास आला किंवा हरभऱ्यास घाटे धरूं लागले, कीं परभणी, जिंतूर, सेलू या बाजूंच्या खेड्यांतून एकच गाऱ्हाणें ऐकूं येतें. रात्रभर जागल केली तरी पहाटे काळविटांचा कळप शिवारांत उतरतो आणि कष्टांची धूळधाण करितो. मग कोणी हळूच विचारतो, “देवानें माणसास मांस खावयास दिलें आहे, तर माझें पीक खाणारें हरीण मीं मारिलें, त्यांत पाप कोणतें?” हा प्रश्न हंसण्यावारी नेण्यासारखा नाहीं. विचारणारा चैनी नव्हे, गांजलेला आहे.

हरणाचें मांस मोशेच्या नियमशास्त्रानें अशुद्ध ठरविलेलें नाहीं, हें खरें. परंतु त्याच नियमशास्त्रांत शिकाऱ्यास अशी आज्ञा आहे कीं, त्यानें जनावराचें रक्त भूमीवर ओतून मातीनें झांकावें. याचा अर्थ इतकाच कीं, मांस घेण्याची मोकळीक असली तरी जीव आपल्या मालकीचा नव्हे. म्हणून खावें कीं न खावें एवढ्यावर हा प्रश्न संपत नाहीं; कोणत्या गरजेनें व कोणत्या रीतीनें मारावें, हेंही पाहिलें पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रांतील फासेपारध्यांची रीत पाहा. कळपाच्या वाटेवर फासांची रांग मांडावयाची आणि हरणें हळूहळू तिकडे वळवावयाचीं. कोणी शिकविलेल्या गाईच्या आडोशानें जवळ जात. खूर व वारा ओळखण्यास फार धीर लागे. कैलाश मल्होत्रा व माधव गाडगीळ या अभ्यासकांनीं नोंदविलें आहे कीं, फासांत पाडस किंवा गाभण मादी सांपडली, तर पारधी तिला सोडून देत. आणि याच लोकांस, १८७१ सालीं सुरू झालेल्या गुन्हेगार जमातींच्या कायद्याच्या परंपरेंत, पुढें जन्मतःच गुन्हेगार ठरविण्यांत आलें! तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. उलट संस्थानिक मौजेखातर काळविटांवर चित्ते सोडीत. पुढें मोटारीच्या दिव्यांनीं जनावराचे डोळे दिपवून बंदुका चालविणारेही निघाले. तो चित्ता १९५२ सालीं या देशांतून नष्ट झाल्याचें जाहीर झालें. ज्यास जगानें हीन म्हटलें त्याला मर्यादा होती. ज्यास थोर म्हटलें त्याला पुष्कळदां ती नव्हती.

तथापि यावरून पारध्याची रीत आज चालेल असें कोणी समजूं नये. माळरानें नांगराखालीं गेलीं; काळविटाची मादी सुमारें सहा महिन्यांच्या गर्भानंतर बहुधा एकच पाडस देते. विपुलतेच्या काळीं जो संयम पुरेसा होता, तो आतां अपुरा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें काळवीट व चिंकारा यांस पहिल्या अनुसूचींत घातलें आहे. फास लावणें, विष घालणें, हांका करणें, नुसता प्रयत्नसुद्धां शिकारच होय. आणि शिक्षा तीन ते सात वर्षें कैदेची आहे. पीक खाल्लें ही सबब काळविटाविषयीं चालत नाहीं.

कित्येक जण कुंपणाच्या तारेंत वीज सोडतात. तिला मी शिकारही म्हणणार नाहीं. शिकाऱ्याचा एक गुण असा कीं, आपण कोणाला मारीत आहों हें तो पाहतो. तारेला डोळे नाहींत. रात्रीं पाणी द्यावयास आलेला शेजारी आणि हरीण यांतील भेद तिला कळत नाहीं. दुसरा कोणी स्वतः हात न लावतां पारध्याला बोलावितो, मांसाचा वांटा घेतो, आणि वनरक्षक आला म्हणजे त्याला ओळखही दाखवीत नाहीं. बंधुजनहो, पीक वांचविण्यासाठीं गरीब मनुष्याला तुरुंगांत पाठविणें हें हरीण मारण्याहून मोठें पाप नव्हे काय?

मग शेतकऱ्यानें उपाशी मरावें काय? मुळींच नाहीं. हरीण, रोही, रानडुक्कर यांनीं केलेल्या पिकाच्या नुकसानीची भरपाई देण्याची सोय महाराष्ट्र सरकारनें केली आहे. उशीर न करतां वनखात्यास अर्ज द्यावा व पंचनामा करून घ्यावा. रोही व रानडुक्कर यांविषयीं रीतसर परवानाही मागतां येतो. भरपाई मिळण्यास खेटे घालावे लागतील. त्यानें नुकसान पुरतें भरून येईल असेंही नाहीं. म्हणूनच मंडळीचें काम येथें सुरू होतें. ज्यास लिहितां येतें त्या उपदेशकानें, ज्यास येत नाहीं त्याचा अर्ज लिहून द्यावा. चार घरांनीं मिळून पाळीपाळीनें जागल करावी. विधवेच्या शेतावरची पाळी दुसऱ्यांनीं घ्यावी. शेजाऱ्याचें ओझें आपण उचललें नाहीं, तर तारेला हात लावूं नको असें त्याला सांगण्याचा अधिकार आपणांस कोठून येणार?