ओस लेणे आणि आपले विहार



माजरीहून भद्रावती, म्हणजे जुने भांदक, जवळच आहे. तेथे विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणे कोरलेले आहे. सुमारे सत्तर फूट सरळ आत जाणारी वाट, शेवटी आसनस्थ भगवान बुद्धांची भव्य मूर्ती. दोन्ही अंगांना काटकोनात दोन वाटा, त्यांच्याही टोकाला बुद्धच. सातव्या शतकातील चिनी यात्री ह्युएन त्संग याने दक्षिण कोसल देशात शंभर संघाराम आणि सुमारे दहा हजार भिक्षू असल्याचे लिहिले. पुढे १८७० नंतर कनिंगहॅम यांनी भांदकची पाहणी केली, तेव्हा मूर्ती होत्या. वंदना म्हणणारा संघ नव्हता.

दगड टिकला, माणसे का पांगली?

बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात एक कारण दाखविले आहे. भिक्षूला संघदीक्षा होती. गृहस्थाला वेगळी धम्मदीक्षा नव्हती. त्यामुळे सामान्य माणूस आज इकडे, उद्या तिकडे गेला. ही उणीव त्यांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला आपल्या चांद्यात भरून काढली. स्त्री-पुरुष, गृहस्थ, सर्वांना दीक्षा दिली, बावीस प्रतिज्ञा दिल्या.

पण दीक्षा हे दार आहे. दारातच उभे राहिले म्हणजे घर होत नाही.

इंग्लंडचे पाहा. व्हिक्टोरिया राणीच्या काळात तेथे गिरणी-खाणीच्या वस्त्यांतून हजारो चर्च उभी राहिली. पैसा होता, राजसत्तेचा आधार होता. तरी हळूहळू बाके रिकामी पडली. १९६८ साली निरुपयोगी चर्चची व्यवस्था लावण्याचा कायदा करावा लागला, आणि तेव्हापासून दीड हजारांहून अधिक चर्च बंद झाली. कुठे बिऱ्हाडे आली, कुठे सभागृहे झाली. कोणाच्या धर्माची ही निंदा नव्हे. आपल्यासाठी हा इशारा आहे.

आपला विहार १४ एप्रिलला व वैशाख पौर्णिमेला उघडतो आणि एरवी कुलूप लागते काय? भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, आणि कोनाड्यात जुना देव तसाच आहे काय? ज्याने त्याने आपल्या घरात पाहावे.

दर रविवारी प्रत्येक घरातून निदान दोघांनी विहारात यावे, त्यांत एक मूल असावे. त्रिशरण, पंचशील म्हणावे. ग्रंथातील एक पान वाचावे, त्यावर बोलावे. मायबहिणींनी पुढे बसावे. किल्ली पाळीपाळीने प्रत्येक घरी ठेवावी, म्हणजे विहार सर्वांचा होईल.

लेणे कोरायला छिन्नी लागते. धम्म टिकवायला रोजची माणसे लागतात.

भवतु सब्ब मंगलं.