दाद आणि साक्ष

मागच्या हिवाळ्यात कराडच्या अलीकडच्या एका गावी तरुणांची रॅप स्पर्धा होती आणि परीक्षक म्हणून आम्हाला बोलावणे आले. आमचे वय आणि आमच्या आवडीनिवडी पाहता ही निवड चुकलीच होती. पण संयोजकांना 'शायरीतला माणूस' हवा होता, आणि त्या पंचक्रोशीत आमची तेवढी बदनामी आहे. अकरा मुले आणि दोन मुली गायल्या. गायल्या म्हणावे की बोलल्या, हा वाद आम्ही घालणार नाही. आमचे आजोबा भेदिकाच्या बारीला जात. त्यांनाही लोक विचारीत, हे गाणे आहे की भांडण?

तेरापैकी आठ-नऊ रचनांमध्ये गाडी, बूट, गळ्यातली साखळी आणि 'माझ्या नादाला लागू नका' एवढाच ऐवज होता. ओळीच्या शेवटी तोच शब्द पुन्हा पुन्हा आणायचा आणि यमक जुळले असे समजायचे. गझलेच्या भाषेत सांगायचे तर रदीफ होती, काफिया बेपत्ता. हे सारे बाजूला ठेवून दोघांविषयीच लिहायचे आहे.

पहिला मुलगा आमच्याच मोहल्ल्यातला. त्याचे आजोबा मोहरममध्ये रिवायती म्हणायचे. त्यांचा आवाज आमच्या कानात अजून आहे. पोरगा मंचावर आला तो वादळासारखा. हातवारे, चाल, दमसास सगळे पक्के, आणि सभागृह डोक्यावर. शब्द मात्र सगळे उसने. मुंबईच्या गल्लीतली शिवी, पंजाबी गाण्यातला डौल, आणि घरी तो जी दखनी बोलतो तिचा एक शब्द नाही. दुसरा मुलगा पलूस तालुक्यातल्या कृष्णाकाठच्या गावचा. तो आपल्यातला नव्हता. माइक धरायचा कसा हे त्याला ठाऊक नव्हते, मध्येच श्वास तुटत होता. पण त्याने २०१९ चा महापूर मांडला होता. पाणी घराच्या कितव्या पायरीवर किती वाजता होते, म्हशीचे दावे कोणी कापले, शिडीवरून वर जाताना आजीने काय हातात घेतले. दर चौकात यमक बदलत होते आणि पाण्याबरोबर लयही चढत होती. त्याच तालुक्यात ब्रह्मनाळला त्या ऑगस्टमध्ये माणसांनी भरलेली बोट उलटली होती. तिच्याविषयी त्याने एकच ओळ ठेवली होती आणि पुढे तो क्षणभर गप्प राहिला होता.

आम्ही गुण दिले. दोन गुणांच्या फरकाने पहिला नंबर आमच्या मोहल्ल्यातल्या मुलाला गेला. त्याच्या आईने डोळे पुसले. चार लोकांनी आमचा हात हातात घेऊन 'आपला पोरगा पुढे आला' म्हटले, आणि आम्हीही तोंडभर हसलो. परतीच्या एस.टी.त मात्र झोप लागेना. त्या रात्रीपासून एक प्रश्न आमच्या मागे लागला आहे: दाद म्हणजे भेट की साक्ष? भेट असेल तर आम्ही आमच्या मालकीची वस्तू आमच्या माणसाला दिली, कोणाचे काय गेले? साक्ष असेल तर प्रकरण गंभीर आहे. आपल्या स्वतःच्या किंवा आईबापांच्या विरोधात गेली तरी साक्ष न्यायाचीच द्या, असा हुकूम आपल्या धर्मग्रंथात आहे. त्यातून गाणेबजावणे वगळल्याचे आमच्या वाचनात नाही.

आता कोणी म्हणेल, ही म्हाताऱ्यांची नेहमीची रडगाणी आहेत. दर्जा घसरला असे प्रत्येक पिढी म्हणते. यात तथ्य आहे. पेशवाईतले शाहीर म्हणून आपण राम जोशी, होनाजी बाळा, परशराम आणि आपले सगनभाऊ यांची नावे घेतो. सगनभाऊ जातीने मुसलमान, धंद्याने शिकलगार, राहणारे जेजुरीचे. तलवारीला धार लावता लावता त्यांनी लावणीला धार लावली. पण त्यांच्या काळात सुमार लावण्या रचणारे किती असतील? ते सारे विसरले गेले. काळाने चाळून दिलेल्या मूठभर दाण्यांशी आजच्या न चाळलेल्या राशीची तुलना करणे अन्यायाचे आहे. रॅपवाल्यांच्या मूळ गावीही हीच तक्रार चालू असते. ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात कूल हर्क नावाच्या, जमैकात जन्मलेल्या तरुणाने बहिणीच्या पार्टीत तबकड्या वाजवल्या, तिथून ही कला निघाली असे मानतात. पुढे राकिम आला आणि ओळीच्या टोकाला बसलेले यमक त्याने ओळीच्या पोटात नेले. आज तिथले जुने रसिक म्हणतात की नवी पोरे शब्द चावून गिळतात, नुसता ठेका विकतात. पण त्याच तिथे केंड्रिक लमारला २०१८ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळाले, आणि ते संगीतासाठी, जिथे तोवर शास्त्रीय आणि जॅझचेच मानकरी होते. तेव्हा कला मेली असे आम्ही म्हणत नाही. वरचे टोक शाबूत असते. आमची चिंता मधल्या माणसाची आहे. त्याला चांगले आणि वाईट यातला फरक कोणी सांगायचा?

हा फरक सांगणारी व्यवस्था आपल्या भागात होती. सातारा आणि सांगली असे दोन जिल्हे आम्ही सवयीने म्हणतो खरे, पण १९४९ पर्यंत हा एकच सातारा जिल्हा होता. मग दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. या एका मुलखाने रेठरे हरणाक्षचे पठ्ठे बापूराव दिले, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे दिले, कवलापूरचे काळू-बाळू दिले. इथल्या कलगी-तुऱ्याच्या बाऱ्यांत एक पक्ष शक्तीचा, दुसरा शिवाचा. तुकनगीर आणि शाह अली अशा दोन फकिरांपासून ही परंपरा निघाली, अशी आख्यायिका उत्तरेकडे सांगतात. एक हिंदू, एक मुसलमान. बारीत समोरच्याने टाकलेला सवाल उकलला नाही तर रात्रभर हलता येत नसे. समोर बसलेला शेतकरी निरक्षर असे, पण चौक मोडला की त्याला कळे आणि तो तोंडावर सांगे. तमाशाच्या कनातीत तर दादही रोख आणि अपमानही रोख.

आपल्याकडे याचेच दुसरे रूप म्हणजे इस्लाह. शागिर्दाने गझल लिहावी, उस्तादाने तिच्यावर लेखणी चालवावी. इक्बाल तरुणपणी आपल्या गझला टपालाने दाग देहलवींकडे पाठवीत. मराठीत सुरेश भटांनी 'गझलेची बाराखडी' लिहून हे दार सगळ्यांना उघडले. आणि मिरज तालुक्यातल्या दुधगावात जन्मलेले इलाही जमादार, ज्यांना आपण २०२१ च्या जानेवारीत गमावले, ते नवोदितांसाठी 'गझल क्लिनिक' चालवीत. क्लिनिक या शब्दातच सारे आले. तिथे जाणारा माणूस आपल्याला दुखणे आहे हे कबूल करून जातो.

आणखी मागे जायचे तर उकाजच्या बाजाराची कथा आहे. इस्लामपूर्व अरबस्तानात तिथे कातड्याच्या तंबूत नाबिगा नावाचा बुजुर्ग कवी बसे आणि कवी त्याच्यापुढे आपापल्या रचना म्हणत. हस्सान इब्न साबित, जे पुढे पैगंबरांचे कवी झाले, त्यांनी एकदा आपल्या कबिल्याच्या पाहुणचाराचा आणि तलवारींचा बडेजाव गायला. नाबिगा म्हणाला, तू भांड्यांसाठी आणि तलवारींसाठी जे अनेकवचन वापरलेस ते थोड्या वस्तूंसाठी असते. बडेजाव करायला निघालास आणि संख्या घटवून बसलास. कथा खरी की रचलेली, यावर विद्वानांनी वाद घालावा. एका अनेकवचनावरून कवीला अडवणारा म्हातारा ज्या समाजाने आठवणीत ठेवला, त्या समाजाला शब्दाची किंमत होती, एवढे आम्हाला पुरे.

आज ती का उतरली? सगळा दोष पोरांच्या माथी मारणे सोपे आहे. आम्हाला दोन कारणे दिसतात आणि दोन्ही आपल्या घरातली. पहिले, आवाज. आमच्या लहानपणी उरसात कव्वालीचा मुकाबला रात्रभर चाले, आणि एखादा शेर तीनदा म्हणायला लावत. आता संदलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंती असतात. गणपतीतही तेच, लग्नातही तेच, यात सर्वधर्मसमभाव पुरता साधला आहे. जिथे शब्द ऐकूच येत नाही तिथे तो कोण कशाला घासूनपुसून आणील? दुसरे, तुकडा. मोबाइलवरच्या तीस सेकंदांत टेक बसते, चौक बसत नाही. टेक ही झीलकऱ्यांनी उचलायची. कथा, युक्तिवाद, सवाल हे चौकात असतात. टेक राहिली आणि चौक गेला म्हणजे पोवाड्याचा 'जी जी' उरला आणि बाजी प्रभू गेला.

पुण्याच्या एम.सी. स्टॅनने २०२३ च्या फेब्रुवारीत 'बिग बॉस' जिंकले तेव्हा आपल्या मोहल्ल्यांत फटाके वाजले. त्याच्या सगळ्या शब्दांची वकिली आम्हाला करायची नाही. पण तो आपल्या वस्तीची बोली घेऊन मंचावर गेला, तिची लाज बाळगली नाही, हे खरे. त्याची नक्कल करणाऱ्या पोरांनी साखळी घेतली, बोली तिथेच ठेवली. आणि हे त्यांना सांगायचे कोणी? आम्हीच ना, परीक्षकाच्या खुर्चीत बसून?

इथे आम्हाला मुख्य अडचणीशी यावे लागते. आमचे एक मित्र म्हणाले, "अहो, या पोरांना बाहेर कोण शाबासकी देते? चार गुण आपण जास्त दिले तर बिघडले कुठे?" हा युक्तिवाद हलक्यात घेण्यासारखा नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले तेव्हापासून आपण नव्या लिहित्या हातांना जवळ केले, आणि ते करायलाच हवे होते. ज्याला कोणी मंच देत नव्हते त्याला मंच द्यावा लागतो. पण मंच देणे वेगळे आणि नंबर देणे वेगळे. हौसला देताना आपण माणसाकडे पाहतो, निवाडा देताना वस्तूकडे. आम्ही त्या दिवशी पहिल्याचे नाव दुसऱ्याला दिले. खरे बोलायचे तर त्यात दयेपेक्षाही एक वाईट गोष्ट होती. या पोराकडून यापेक्षा जास्त होणार नाही, असे आम्ही मनातल्या मनात ठरवून टाकले होते. लाड म्हणून दिलेल्या त्या दोन गुणांत तुच्छता होती. अमर शेखांना, बार्शीच्या त्या मेहबूब पटेलांना, कोणी 'मुसलमान असून बरे गातो' म्हणून दाद दिली नाही. दिली असती तर त्यांनी डफ खाली ठेवला असता.

आणि पलूसकडच्या त्या मुलाचे काय? त्याने पुरातून वाचवलेली गोष्ट आमच्यापुढे आणून ठेवली होती. ती अमानत होती. मराठी रॅपमध्ये सत्तेला सवाल करणारी पोरे आहेत. २०२३ मध्ये राज मुंगासेला एका गाण्यापायी पोलिसांनी पकडले होते. म्हणजे शब्दाला अजून धार आहे, निदान पोलिसांना तरी ती जाणवते. ती रसिकांना जाणवू नये हे कसे? दुसरा नंबर घेऊन तो मुलगा खाली उतरला तेव्हा आमच्याकडे पाहून त्याने मान हलवली. त्यात तक्रार नव्हती. असती तर बरे झाले असते.

महिन्याभराने संयोजकांना आम्ही पत्र लिहिले की निकालात आमची चूक झाली, आणि ती अजाणता झालेली नाही. त्यांनी फोन करून सांगितले, "सर, आता जाऊ द्या, ढाल दिली गेली." त्या मुलाचा पत्ता त्यांच्याकडे नव्हता. पलूसच्या ओळखीच्या शिक्षकांना आम्ही विचारून ठेवले आहे.

मोहल्ल्यातला पोरगा मात्र घरी आला होता. "चाचा, नवीन गाणे पाठवू का?" म्हणाला. पाठवले. ऐकले. पूर्वीसारखा अंगठा दाखवून मोकळे होणे सोपे होते. आम्ही कागद घेतला, त्याच्या सोळा ओळी उतरवून काढल्या, नऊ ओळींखाली रेघ मारली आणि प्रत्येकीपुढे कारण लिहिले. शेवटी विचारले, तुझे दादा रिवायत म्हणायचे, त्यातले तुला काही आठवते का, आणि नसेल तर तुझ्या अब्बांना आठवते का? कागदाचा फोटो काढून पाठवला. त्याने तो पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा आल्या आहेत. आज आठ दिवस झाले, उत्तर नाही.