तितिक्षा आणि वाऱ्याची काच

'विवेकचूडामणि' या ग्रंथात तितिक्षेची जी व्याख्या केलेली आहे, तिच्यात अट अशी आहे की, दुःख सोसावयाचे ते त्याचा प्रतिकार न करता, त्याची चिंता न वाहता आणि त्याबद्दल विलाप न करता. चिंता आणि विलाप यांचा निषेध कोणाही समंजस माणसास पटण्यासारखा आहे. परंतु प्रतिकाराचीही मुभा नाही म्हटल्यावर संसारी मनुष्य थबकतो, आणि अकोटहून पूर्णा नदी ओलांडून अकोल्याकडे मोटारसायकलीने निघालेल्या मनुष्याने तर विशेषच थबकावे, कारण हँडलच्या पुढे त्याने जी काच बसवून घेतलेली असते तिचा हेतू प्रतिकाराखेरीज दुसरा कोणताच नसतो. शीत-उष्णादि द्वंद्वे येतात आणि जातात, ती सोस, असे भगवंतांनी अर्जुनास गीतेच्या दुसऱ्याच अध्यायात सांगितले. मग वारा का सोसू नये? प्रश्न किरकोळ वाटेल. पण सोशिकपणाचा अंमल कोठे संपतो आणि निव्वळ हेळसांड कोठे सुरू होते, ती सरहद्द या किरकोळ प्रश्नात जितकी स्पष्ट दिसते तितकी मोठमोठ्या प्रश्नांत दिसत नाही.

पूर्णेचे खोरे म्हणजे वाऱ्याला मोकळा सोडलेला मुलूख. उत्तरेस सातपुडा आणि त्यावर नरनाळ्याचा किल्ला, पायथ्यापासून दक्षिणेकडे पसरलेली कपाशीची काळी सपाट जमीन, आणि आडोसा म्हणावा तर धुऱ्यावरची चार बाभळी-निंबाची झाडे. त्यामुळे चैत्र-वैशाखात पश्चिमेचा तापलेला वारा या खोऱ्यातून बिनहरकत वाहत येतो, आणि चोहोट्टा बाजार, गांधीग्राम या वाटेने जाणाऱ्या स्वाराला उजव्या कुशीवर गाठतो. त्यात गाडीच्या वेगाने निर्माण होणारा समोरचा वारा मिळतो. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ताशी 40 किलोमीटरला जो छातीवर नुसता जाणवतो, तोच 80 ला चौपट होतो. पण हा दाब एकसारखा असतो, आणि एकसारखा दाब शरीर फारशी तक्रार न करता सहन करते. नवल पुढेच आहे. काच बसविल्यावर छाती मोकळी होते, परंतु पूर्वी जे डोके स्थिर होते ते आता डगडग हलू लागते, आणि हेल्मेटमध्ये असा गडगडाट माजतो की काच काढून टाकावी असे वाटावे.

याचे कारण काचेच्या वरच्या कडेशी सापडते. काचेवरून चढत आलेला प्रवाह कडेशी पोहोचताच तिच्यापासून सुटतो. मागे कमी दाबाची पोकळी राहते आणि ती भरून काढण्यासाठी भोवरे आत शिरतात, जसे पुराच्या दिवसांत पूर्णेच्या पुलाच्या खांबामागे पाणी गरगरताना दिसते. ताणलेल्या तारेवरून वारा गेला असता ती कोणत्या सुरात गाते, याचा नियम व्हिन्सेंत्स स्त्रूहाल या बोहेमियन शास्त्रज्ञाने 1878 साली मांडला. (त्याच साली अकोटपासून फार लांब नसलेल्या शेगावात गजानन महाराज प्रकट झाले. दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही, पण वऱ्हाडी माणसाला ते साल त्यामुळे पाठ करावे लागत नाही.) वेगाला अडथळ्याच्या रुंदीने भागून त्याचा सुमारे पाचवा हिस्सा घेतला की सेकंदास किती भोवरे सुटतील याचा अदमास येतो. तार बारीक असते म्हणून तिचा सूर उंच लागतो. काच अर्धा मीटर रुंद असली तर ताशी 80 किलोमीटरला सेकंदास नऊ-दहा धक्के एवढाच हिशेब निघतो, आणि ते कानाला सुरासारखे न लागता मानेला ठोक्यांसारखे लागतात.

ज्याला हे डोळ्यांनी पाहावयाचे असेल त्याने वीतभर लांबीचे सुताचे धागे चिकटपट्टीने काचेच्या दोन्ही अंगांना लावावेत. अकोटात सुताची वाण पडण्याचे कारण नाही. गाडी वेगात आली की पुढच्या अंगाचे धागे काचेला चिकटून वर वळतात, अगदी आज्ञाधारकपणे. मागच्या अंगाचे धागे मात्र काही क्षण उलट, म्हणजे गाडी ज्या दिशेने चालली आहे त्याच दिशेने उभे राहतात, मग गोंधळून चहूकडे फिरतात आणि पुन्हा उलट होतात. म्हणजे आश्रयासाठी उभारलेल्या भिंतीच्या आड वारा मागून येऊन स्वाराच्या पाठीवर रेटा देत असतो. दुसरी परीक्षा त्याहून सोपी आहे. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर फूटरेस्टवर उभे राहावे: डोके काचेच्या सावलीतून वर, अखंड वाऱ्यात जाते, वारा वाढतो, आणि गडगडाट मात्र एकदम उतरतो.

वैशेषिक दर्शनकारांनी शब्दाची, म्हणजे ध्वनीची, उत्पत्ती तीन प्रकारांनी सांगितली आहे: संयोगापासून, विभागापासून आणि शब्दापासून. नगाऱ्यावर टिपरी पडली की संयोगज शब्द; बांबू उभा चिरला की विभागज; आणि एका शब्दापासून दुसरा, दुसऱ्यापासून तिसरा असा कानापर्यंत येतो तो शब्दज. हा शब्द पाण्यावरील लाटांप्रमाणे एकामागून एक पसरतो की कदंबाच्या फुलाप्रमाणे एकाच वेळी सर्व दिशांना उमलतो, यावर वीचीतरंगन्याय आणि कदंबगोलकन्याय असे दोन पक्षही त्यांच्यात झाले. यावरून वैशेषिकांचे आद्य आचार्य कणाद यांना वायुगतिशास्त्र अवगत होते असा दाखला कोणी काढू नये. तो आपल्याकडील एक जुना आणि कंटाळवाणा छंद आहे. तथापि वाऱ्याच्या या गडगडाटाला तिन्हींपैकी विभागाच्याच सदरात घालावे लागेल, हेही खरे. काचेला वारा लागल्यामुळे जितका गोंगाट होतो त्याहून अधिक तो काचेपासून तुटल्यामुळे होतो.

म्हणून स्वाराला दोनच मार्ग राहतात. एक तर काच इतकी खाली घ्यावी की हेल्मेट अखंड वाऱ्यात येईल. नाही तर ती इतकी वर चढवावी, किंवा कडेला छोटी पट्टी लावून तिचा रोख असा बदलावा, की सुटलेला प्रवाह हेल्मेटच्या माथ्यावरून जाईल, आणि त्याबरोबरच काचेच्या बुडाशी दोन बोटे फट ठेवून मागच्या पोकळीत थोडा वारा मुद्दाम आत घ्यावा, म्हणजे भोवऱ्यांचा जोर ओसरतो. मधल्या उंचीवर सुख नाही. धर्माच्या क्षेत्रातही मला हेच दिसते. उघड्यावर उभा राहिलेला विरक्त शांत असतो, पूर्ण शरण गेलेला भक्तही शांत असतो. ज्याने एक हात देवाच्या पायावर ठेवून दुसऱ्याने हिशेबाची वही धरलेली असते, त्याच्या डोक्यात मात्र अष्टौप्रहर गलबला. वारा त्याला इतरांहून अधिक लागतो असे नाही. तो तुटलेल्या कडेच्या बरोबर मागे बसलेला असतो.

आता मूळ प्रश्नाच्या फैसल्याकडे. ताशी 100 किलोमीटरच्या सुमारास हेल्मेटच्या आतील आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. कारखान्यांसाठी जी सावध मर्यादा मानली जाते ती 85 डेसिबलला आठ तासांची, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा करीत गेले असता 100 डेसिबलला केवळ 15 मिनिटे उरतात. आतल्या कानातील ज्या सूक्ष्म केशपेशी श्रवणाचे काम करतात त्या एकदा नष्ट झाल्या की मनुष्याच्या शरीरात पुन्हा उगवत नाहीत. तेव्हा थंडी सोसणे आणि हा आवाज सोसणे या दोन गोष्टी एका जातीच्या नाहीत: थंडी येते आणि जाते, या आवाजाने केलेली हानी येते आणि राहते. गीतेने सोसावयास सांगितली ती अनित्य, येणारी-जाणारी द्वंद्वे. आणि शरीराला व्यर्थ कष्टविणाऱ्या तपाला तिनेच सतराव्या अध्यायात आसुरी व तामस ठरविले आहे. तितिक्षेच्या व्याख्येतील अट ज्या साधकासाठी लिहिली, त्याचे सर्व जीवन एका शोधाला वाहिलेले होते. ती वाटसरूच्या कानाला लावणे म्हणजे संन्याशाचा हुकूम गृहस्थावर बजावण्यासारखे आहे, आणि हाच घोटाळा टिळकांनी 1915 च्या 'गीतारहस्या'त सविस्तर सोडविला.

छांदोग्य उपनिषदातील रैक्वाची कथा या बाबतीत मला फार बोलकी वाटते. वायू हाच सर्वांना आपल्यात सामावून घेणारा आहे, अग्नी विझतो तो वायूत, सूर्य मावळतो तो वायूत, पाणी आटते ते वायूत, ही विद्या ज्याला ठाऊक होती तो रैक्व जानश्रुती राजाच्या सेवकाला सापडला तो एका गाड्याखाली, अंगावरची खरूज खाजवीत बसलेला. उपनिषत्कारांनी ती खाज लपविली नाही, आणि खाजविण्याच्या त्या प्रतिकारामुळे रैक्वाचे ज्ञान उणे झाले असेही कोठे सुचविले नाही.

आणखी एक गोष्ट विसरली जाते. काच स्वाराच्या मापाने बसविलेली असते, आणि त्याच्या डोक्यावरून नेलेला तुटका वारा पुष्कळदा मागे बसलेल्या माणसाच्या तोंडावर जाऊन आदळतो. मागे आई असते, बायको असते. ती पदर सावरीत काही बोलत नाही आणि तिच्या न बोलण्याला आपण सोशिकपणा म्हणून गौरवितो. अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेणगावचे गाडगेबाबा स्वतः चिंध्या नेसून गाडग्यात जेवले, पण दुसऱ्याच्या वाट्याची घाण आणि उघडेपणा त्यांनी कधी तपश्चर्या म्हणून खपवून घेतला नाही; हातात खराटा घेतला आणि यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभ्या केल्या. तितिक्षा स्वतःपुरतीच असते. दुसऱ्याच्या नावे ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

तेव्हा अकोटहून शेगावला वा अकोल्याला दुचाकीने जाणाऱ्या मंडळींना विनंती एवढीच की, काच घेताना तिची उंची मागच्या माणसाला बसवून, चालत्या गाडीवर ठरवावी, आणि लांबच्या प्रवासात दोघांनीही कानात फोमचे बोळे घालावेत. त्या बोळ्यांनी वारा आणि हॉर्न दोन्ही सारखेच मंद होतात, म्हणून हॉर्न गोंगाटात बुडत नाही. कापूस मात्र घालू नये. तो आपल्याकडे कितीही पिकत असला तरी त्याने आवाज फारसा अडत नाही.