चौथऱ्यावरचं नाव

“आत्या, पाच फुटी पंचधातूची मूर्ती. फुकट! फक्त चौथऱ्यावर साहेबांचं नाव.”

“समोर?”

“समोरच. निवडणूक आलीय ना.”

कल्याण पूर्वेच्या घरात आत्या मेथी निवडत होती. इतिहासाची निवृत्त शिक्षिका. भाचा विहाराच्या कमिटीचा खजिनदार.

“राजांनी तरी वेगळं काय केलं?” तो म्हणाला. “थायलंडचा राजा पाचूच्या बुद्धाची वस्त्रं अजून स्वतः बदलतो. श्रीलंकेत पूर्वी बुद्धाचा दंतधातू ज्याच्याकडे, राज्य त्याचं.”

“लांब कशाला, कान्हेरीला बघ. नवव्या शतकात गौड देशाच्या अविघ्नाकरानं तिथल्या संघाला शंभर द्रम्म दिले. लेखात आधी राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष, मग त्याचा मांडलिक शिलाहार कपर्दी, आणि देणारा शेवटी.”

“म्हणजे राजाचं नाव होतंच!”

“ते तेव्हाचं कॅलेंडर रे. पैसे राजाचे नव्हते. शिलाहार तर शिवभक्त, अंबरनाथचं देऊळ त्यांच्याच घराण्याचं.”

“शिवभक्त राजाचं नाव चाललं, मग आमच्या साहेबांचं का नाही?”

आत्या देठ मोडत राहिली. “इथं पकडलंस मला,” ती म्हणाली. थोड्या वेळानं: “सोपाऱ्याला गाव ज्याला बुरूड राजाचा कोट म्हणायचं, तो १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी खणला. निघाला स्तूप. दगडी पेटीत तांब्याचा करंडक, भोवती आठ मूर्ती, सात बुद्ध आणि मैत्रेय. करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. आणि सोन्यात काय, तर मातीच्या भिक्षापात्राचे तेरा तुकडे.”

“राजा कुठे यात?”

“यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं होतं ना. तो दुसऱ्या शतकातला, मूर्ती मानतात आठव्या-नवव्या शतकातल्या. मला वाटतं, कुणीतरी शेकडो वर्षांनी पेटी उघडली, मूर्ती मांडल्या, नाणं तसंच राहू दिलं. पण आतच. आणि गावाच्या तोंडी राहिला कोण? बुरूड!”

भाचा हसला. “मग साहेबांना काय सांगू?”

“विचार, नाव डबीत घालून चौथऱ्यात पुरलं तर चालेल का.”

“मग फोटो कशाचा काढणार ते?”

“विचार तर.”

“आणि नाही म्हणाले तर? वर्गणीतून पंचधातू होत नाही, आत्या.”

ती काही बोलली नाही. विहारात सध्या प्लास्टरची मूर्ती आहे. डाव्या कानाचा टवका उडालाय. दर पौर्णिमेच्या आधी कुणीतरी तिथं पांढरा रंग लावून ठेवतं.