चालून जाईल

ओहायोत सप्टेंबरअखेर धनुष्यबाणाने हरणांच्या शिकारीचा हंगाम सुरू होतो. आधीचे काही दिवस आमचे शेजारी गराजमध्येच असतात. सत्तरी ओलांडलेली, खांदा दुखरा, त्यामुळे हाताने ताणायचं धनुष्य सोडून त्यांनी क्रॉसबो घेतलाय. बंदुकीसारखा दस्ता आणि पुढे आडवं धनुष्य. परवा डोकावलो, तर कापसाचा बोळा धनुष्याच्या पात्यांवरून हळूहळू फिरवत होते. मला वाटलं धूळ पुसतायत. पण डोळ्याला न दिसणारी चीर कापसाला सापडते, तिथे तो अडकतो.

पाती ठीक होत्या. दोरीचा मात्र एक धागा तुटलेला. एकच. मी आपलं सहज म्हटलं, "मेण लावा, चालून जाईल."

"मेण घासणाऱ्या दोरीसाठी असतं, तुटलेल्या नाही," ते म्हणाले आणि क्रॉसबो बाजूला ठेवला.

काय दुरुस्त करायचं याबद्दल ते कंजूष नाहीत. बाणाचं सुटलेलं प्लास्टिकचं पीस खरवडून पुन्हा चिकटवतात. ढिले स्क्रू आवळतात. पण कार्बनचा बाण कानाशी धरून किंचित वाकवला आणि बारीकसा कडकड आवाज आला, की तो बाण कचऱ्यात. चिरलेल्या पातीला गोंद लावायचा विषयच नाही. ताणलेल्या दोरीत दीडशे पौंडांहून जास्त ओढ असते. ती तुटली तर सगळी ताकद बाणाऐवजी धनुष्यात आणि धरणाऱ्याच्या अंगावर येते.

हे मला लगेच पटलं. स्वतःचं डोकं फुटू नये म्हणून घेतलेली काळजी कुणालाही पटते. नंतर डोक्यात राहिली ती दुसरी शक्यता. समजा दोरी तुटलीच नाही. नुसती थोडी सैल पडली आणि बाण चार बोटं मागे लागला. हरीण तिथे पडत नाही. पोटात बाण घेऊन झाडीत पळतं आणि कित्येक तासांनी कुठेतरी मरतं. गराजमधून पाहिलं तर दोरी 'चालून गेली'.

आपल्याला जुगाडाचं भारी कौतुक. मलाही आहे. तारेने बांधलेली कडी निसटली तर दार माझंच उघडं राहतं. शाळेच्या व्हॅनचा गुळगुळीत टायर 'अजून एक महिना जाईल' म्हणणारा आत बसलेल्या पोरांच्या वतीने बोलत असतो, त्यांना न विचारता. बिघाड किती लहान आहे यापेक्षा तो कुणाच्या अंगावर येणार, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जाता जाता, 1139 साली रोममधल्या लॅटरन परिषदेने क्रॉसबो आणि धनुष्य वापरायला बंदी केली होती. फक्त ख्रिश्चनांवर! बाकीच्यांचा प्रश्न तिथेही कुणी काढला नाही.

मारायचंच आहे, तर एवढं सोवळं कशाला, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हटलं, मनातल्या मनात. भारतात 1972 च्या कायद्याने वन्यजीवांची शिकार गुन्हा ठरवली, त्यामुळे आपल्याला हा प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. पण मी मटण खाणाऱ्या घरातला. खाटकाची सुरी धारदार आहे का, हे मी आयुष्यात एकदाही विचारलेलं नाही.

एक संशय मात्र जात नाही. हत्यार जितकं चोख, तितकं मन निवांत, आणि चाप ओढणं तितकंच सोपं. ही डागडुजी मनाचीही असेल. असू दे. त्यांच्या मनाला टोचणी लागून हरणाच्या वाट्याला काहीच येत नाही. दोरी धड असली तर निदान मरण लवकर येतं. शिकार बरोबर की चूक, हे यातून सुटत नाही, आणि मला अजून सुटलेलंही नाही.

नवी दोरी बसवून मिळेपर्यंत हंगामाचा पहिला शनिवार जाणार होता. तरी ते दुकानात निघाले. मी म्हटलं, सोडतो. कोपऱ्यावर ब्रेक दाबला तसा नेहमीचा करकर आवाज आला.

"किती दिवस झाले याला?" त्यांनी विचारलं.

तीन आठवडे झाले होते. मी एकच सांगितला.